खोली नाकारलेली मुलं

न्यूयॉर्क राज्यात कायुगा नावाच्या लांबट तळ्याच्या दक्षिण टोकाला इथाका हे गाव आहे. वर टेकडीवर कॉर्नेल विद्यापीठ, खाली वस्ती. १९०५च्या सुमारास त्या टेकडीवर जी हजारो मुलं शिकत होती, त्यांत कृष्णवर्णीय मुलं हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच होती. प्रवेशाला कुणाची आडकाठी नव्हती. फी भरा, वर्गात बसा, परीक्षा द्या. अडचण वर्ग सुटल्यावर सुरू व्हायची. मुलग्यांसाठी विद्यापीठाची वसतिगृहं तेव्हा जवळजवळ नव्हतीच. गावातल्या भाड्याच्या खोल्या आणि खाणावळी गोऱ्या मुलांसाठी होत्या. बड्या घरची मुलं आपापल्या फ्रॅटर्निटीच्या घरात राहायची. उरलेल्या या चार-सहा जणांनी टेकडी उतरायची आणि गावातल्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या घरी पथारी पसरायची. अभ्यासाला जोडीदार नाही, आजारी पडलं तर विचारणारं कुणी नाही, मागच्या वर्षीच्या टिपणवह्या द्यायला वरच्या वर्गातला कुणी दादा नाही. १९०४-०५ साली शिकत असलेले सहा कृष्णवर्णीय विद्यार्थी पुढच्या वर्षी कॉर्नेलला परतलेच नाहीत.

या सहा रिकाम्या जागांची धास्ती मागे राहिलेल्यांनी घेतली. ४२१, नॉर्थ अल्बनी स्ट्रीट या घरात ते जमू लागले. आधी अभ्यासासाठी, मग वाचन आणि चर्चेसाठी. त्यांच्यातला हेन्री कॅलिस एका गोऱ्या फ्रॅटर्निटीच्या घरात जेवण वाढायचं काम करायचा. पानं वाढता वाढता त्याला दिसत होतं की या घरात नुसतं राहणं-खाणं होत नाही. वरच्या वर्गातला मुलगा खालच्याला अभ्यासात हात देतो, शिकून गेलेला वकील पुढच्या वर्षीच्या पोराला नोकरीची चिठ्ठी देतो, हिशेबाची वही असते, बैठकीचं इतिवृत्त लिहिलं जातं, निवडणूक होते. वाढप्याच्या जागेवरून त्याला एका संस्थेची आतली रचना कळत होती.

इथे ‘फ्रॅटर्निटी’ म्हणजे काय ते सांगायला हवं. मराठीत ‘बंधुमंडळ’ म्हणता येईल, पण त्यात वसतिगृह, मंडळ, गुप्त दीक्षाविधी आणि आयुष्यभराचं नातं या चारही गोष्टी एकत्र येत नाहीत. १७७६ साली व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात ‘फाय बीटा कॅपा’ ही ग्रीक अक्षरांच्या नावाची पहिली मंडळी जमली. १८२५ साली स्केनेक्टडीच्या युनियन कॉलेजात ‘कॅपा अल्फा’ निघाली आणि तिथून आजच्या धर्तीच्या फ्रॅटर्निटींची रांग लागली. सभासद निवडून घेतला जातो. एकदा आत आला की मरेपर्यंत आतच. खुद्द कॉर्नेलचे पहिले अध्यक्ष अँड्र्यू डिक्सन व्हाइट विद्यार्थिदशेपासून फ्रॅटर्निटीवाले होते आणि नव्या विद्यापीठात त्यांनी या मंडळांना मनापासून थारा दिला. अमेरिकेत विद्यापीठाचा अध्यक्ष आणि फ्रॅटर्निटी यांचं नातं असं जुनं आहे. ते नातं गोऱ्यांपुरतं होतं, एवढंच. बहुतेक मंडळांची दारं कृष्णवर्णीयांना बंद होती, आणि पुष्कळ ठिकाणी ज्यूंनाही.

नॉर्थ अल्बनी स्ट्रीटवरच्या मुलांत वर्षभर वाद झाला. त्यांच्यातला वडीलधारा पॉइंडेक्स्टर याला साहित्यमंडळ पुरेसं वाटत होतं. इतरांना फ्रॅटर्निटीच हवी होती. अखेर ४ डिसेंबर १९०६ रोजी सात जणांनी ‘अल्फा फाय अल्फा’ स्थापन केली. कॉलेजातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची टिकून राहिलेली ही पहिली आंतरमहाविद्यालयीन फ्रॅटर्निटी. सातांची नावं त्यांचे सभासद आजही पाठ म्हणतात: कॅलिस, चॅपमन, जोन्स, केली, मरे, ओगल, टँडी. कॅलिस डॉक्टर झाला आणि हॉवर्ड विद्यापीठात वैद्यक शिकवू लागला. चॅपमन फ्लोरिडातल्या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात शेतीशास्त्राचा प्राध्यापक झाला. मरे शिक्षक झाला. पहिल्या सातांतच तिघे शिकवण्याकडे वळले, हे मला योगायोगाचं वाटत नाही. शिक्षण अर्धवट सुटण्याची भीती ज्यांनी जवळून पाहिली होती, त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचं शिक्षण सुटू नये म्हणून खटपट केली.

वर्षभरात त्यांची दुसरी शाखा वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात निघाली. हॉवर्ड म्हणजे कृष्णवर्णीयांच्या उच्चशिक्षणाची राजधानी. पुढच्या सात-आठ वर्षांत याच एका आवारात कृष्णवर्णीय तरुण-तरुणींची आणखी चार मंडळं उभी राहिली. १९०८ साली मुलींची ‘अल्फा कॅपा अल्फा’, १९११ साली ‘ओमेगा साय फाय’, १९१३ साली मुलींचीच ‘डेल्टा सिग्मा थीटा’, १९१४ साली ‘फाय बीटा सिग्मा’. यांतल्या ‘ओमेगा’ची जन्मकथा मला फार आवडते. १७ नोव्हेंबर १९११ची संध्याकाळ, विज्ञानाच्या इमारतीतलं जीवशास्त्राच्या प्राध्यापकाचं दालन. प्राध्यापक म्हणजे अर्नेस्ट एव्हरेट जस्ट, पेशीशास्त्रात पुढे जगभर नाव झालेले. समोर लव्ह, कूपर आणि कोलमन हे तीन विद्यार्थी. विद्यापीठाच्या कारभाऱ्यांना देशभर पसरणारं मंडळ नको होतं. मुलांनी हाताने लिहिलेली छोटी कार्डं आवारातल्या झाडांवर आणि सूचनाफलकांवर चिकटवून मंडळ निघाल्याचं जाहीर करून टाकलं. त्या तिघांतला फ्रँक कोलमन नंतर हॉवर्डमध्येच भौतिकशास्त्र शिकवायला परतला आणि त्या विभागाचा प्रमुख झाला.

मुलींच्या बाजूला ल्यूसी डिग्ज स्लो हे नाव सोडून पुढे जाता येणार नाही. ‘अल्फा कॅपा अल्फा’च्या संस्थापकांपैकी त्या एक. १९१७ साली कृष्णवर्णीयांच्या अमेरिकन टेनिस असोसिएशनच्या पहिल्याच राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी महिला एकेरीचं विजेतेपद मिळवलं. १९२२ साली त्या हॉवर्डच्या विद्यार्थिनींच्या डीन झाल्या. या पदावरच्या पहिल्या कृष्णवर्णीय बाई. त्याआधी मुलींची देखरेख करणारी ‘मेट्रन’ असायची. मुलींनी कधी यावं, कधी जावं, कुणाबरोबर बोलावं हे पाहणं, एवढंच तिचं काम. स्लोबाईंनी आग्रह धरला की डीन म्हणजे पहारेकरीण नव्हे, ती शिक्षणतज्ज्ञ आहे. मुलींनी फक्त मास्तरीण व्हायचं नाही, अर्थशास्त्र शिकायचं, समाजशास्त्र शिकायचं, स्वतःचा कारभार स्वतः पाहायचा. १९३१ साली मुलींसाठी नवी वसतिगृहं उभी राहिली, त्यामागे स्लोबाईंचाच रेटा होता. विद्यापीठाच्या वरिष्ठांशी पगारावरून आणि राहण्याच्या जागेवरून त्यांचा झगडा अखेरपर्यंत चालला. पुरुष डीनना आवाराबाहेर स्वतःच्या घरी राहता येत होतं, त्यांना मात्र आवारातच राहा म्हणून सांगितलं गेलं. १९३७ साली त्या गेल्या तेव्हाही त्या डीनच होत्या.

आता चार्ल्स हॅरिस वेस्ली. हे इतिहासकार. लुइव्हिलला १८९१ साली जन्म, फिस्क विद्यापीठात पदवी, येलला एम. ए., १९२५ साली हार्वर्डची डॉक्टरेट. १९२९ साली त्यांनी ‘अल्फा फाय अल्फा’चा इतिहास लिहिला. इथाकातले ते सात जण हयात असताना त्यांच्या आठवणी कागदावर आल्या, या ग्रंथामुळेच या प्रकरणातल्या सुरुवातीच्या पुष्कळ गोष्टी आपल्याला ठाऊक आहेत. १९३२ ते १९४० अशी आठ वर्षं वेस्ली फ्रॅटर्निटीचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. महामंदीचा काळ. सभासदांच्या वर्गण्या थकलेल्या, शाखा गावोगाव विखुरलेल्या, आणि दरवर्षी अधिवेशन भरवायचं. त्या आठ वर्षांत सभा चालवणं, विरोधकाला बोलू देणं, ठराव पास करून घेणं, दमडी-दमडीचा हिशेब देणं हे सगळं त्यांच्या अंगवळणी पडलं असणार. १९४२ साली ते ओहायोतल्या विल्बरफोर्स विद्यापीठाचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्यासाठी हा कारभार नवा नव्हता.

माझ्या मते फ्रॅटर्निटीची खरी कमाई इथे आहे. ओळखीपाळखी, शिफारशी, नोकऱ्या हे तर होतंच. पण त्या काळच्या अमेरिकेत कृष्णवर्णीय माणसाला बँक चालवायला क्वचितच मिळत होती, नगरपालिका त्याहूनही क्वचित, दक्षिणेत तर बहुतेकांना मतही देऊ दिलं जात नव्हतं. वीस वर्षांच्या पोराला खजिनदार व्हायचं असेल, अध्यक्षपदाची निवडणूक लढायची असेल, हरल्यावर गुपचूप मागच्या बाकावर बसायला शिकायचं असेल, तर चर्च आणि ही मंडळं सोडून फारशी जागा नव्हती. पुढे ज्यांना कॉलेजं चालवायची होती, त्यांनी आधी एक छोटं कॉलेज तिथे चालवून पाहिलं.

वेस्लींना हे कसब लगेच पणाला लावावं लागलं. विल्बरफोर्समध्ये एका आवारात दोन सत्ता होत्या. विद्यापीठ चर्चचं, आणि त्यातला शिक्षक-प्रशिक्षणाचा व उद्योगशिक्षणाचा विभाग राज्य सरकारच्या पैशावर चालणारा. १९४७ साली हे भांडण तुटेपर्यंत ताणलं. चर्चच्या विश्वस्तांनी वेस्लींना काढलं, सरकारी भाग वेगळा झाला आणि वेस्ली त्याचे अध्यक्ष झाले. तेच आजचं सेंट्रल स्टेट विद्यापीठ. १९६५पर्यंत ते तिथे होते.

वेस्ली फ्रॅटर्निटीचे अध्यक्ष असतानाच आणखी एक मोठी गोष्ट घडली. मेरीलँड विद्यापीठाच्या कायदा महाविद्यालयाने डोनाल्ड गेन्स मरे या तरुणाला वर्णावरून प्रवेश नाकारला. त्याच्या बाजूने पुढे आले ते तीन वकील: बेलफर्ड लॉसन, चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन आणि थरगूड मार्शल. तिघेही ‘अल्फा’चे. ह्यूस्टन हे नुसते वकील नव्हते, हॉवर्डच्या कायदा महाविद्यालयाचे उप-डीन होते. संध्याकाळच्या वर्गांवर चालणाऱ्या त्या कॉलेजाला त्यांनी कडक शिस्तीचं, पूर्णवेळ, मान्यताप्राप्त कॉलेज केलं आणि मार्शल हा त्यांच्याच हाताखाली तयार झालेला विद्यार्थी. बाल्टिमोरच्या कोर्टाने १९३५ साली मरेच्या बाजूने निकाल दिला, १९३६ साली वरच्या कोर्टाने तो कायम केला. मेरीलँडच्या कायदा महाविद्यालयाचं दार उघडलं. हे मेरीलँड लक्षात ठेवा, आपण पुन्हा तिथे येणार आहोत.

फ्रेडरिक डग्लस पॅटरसन यांची कहाणी निराळ्या अंगाची. जन्म १९०१, वॉशिंग्टन. दोन वर्षांचे व्हायच्या आत आईवडील दोघंही गेले, बहिणीने वाढवलं. शिकले पशुवैद्यक, आयोवात. दुसरी डॉक्टरेट १९३२ साली घेतली ती कॉर्नेलची, म्हणजे ज्या टेकडीखाली ‘अल्फा’ जन्मली त्याच टेकडीवर. तेही ‘अल्फा’चेच सभासद. १९३५ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते अलाबामातल्या टस्कीगीचे अध्यक्ष झाले. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी वाढवलेली ही संस्था तोवर कर्जाच्या ओझ्याखाली आली होती. गुराढोरांचा डॉक्टर कॉलेज काय चालवणार, असं कुणाला वाटलं असेल तर नवल नाही. पण पॅटरसननी रोग बरोबर ओळखला. कृष्णवर्णीयांचं प्रत्येक खासगी कॉलेज वेगवेगळं झोळी घेऊन त्याच त्या गोऱ्या धनिकांच्या दारात उभं राहत होतं. एकाला दिलं की दुसऱ्याला नाही. १९४३च्या जानेवारीत ‘पिट्सबर्ग कुरिअर’ या वृत्तपत्रातल्या आपल्या सदरात त्यांनी लिहिलं की सगळ्यांनी मिळून एकच झोळी फिरवू. २५ एप्रिल १९४४ रोजी २७ कॉलेजं एकत्र येऊन ‘युनायटेड निग्रो कॉलेज फंड’ स्थापन झाला आणि पहिल्याच मोहिमेत साडेसात लाख डॉलरहून जास्त रक्कम जमली.

सत्तावीस कॉलेजांचे अध्यक्ष म्हणजे सत्तावीस संस्थानिक. प्रत्येकाचे देणगीदार ठरलेले, प्रत्येकाचा मान मोठा. त्यांना एका वहीत आणणं म्हणजे गावातल्या सगळ्या भावकींना एकाच पंगतीत बसवणं. हे कसं जमलं असेल याचा विचार करताना मला पुन्हा त्या वर्गण्यांच्या वह्या आठवतात. वर्गणी काढणं आणि तिचा चोख हिशेब देणं ज्या पिढीला विशीत शिकायला मिळालं, त्या पिढीने हा फंड उभा केला. तो आजही चालू आहे.

बेंजामिन मेज यांच्यापाशी मात्र जरा थांबायला हवं, कारण त्यांची वाट आपल्या वर्ध्यावरून जाते.

मेज यांचा जन्म साऊथ कॅरोलिनात १८९४ साली झाला. आईवडील दोघंही गुलामगिरीत जन्मलेले. कापूस वेचणाऱ्या घरातला हा मुलगा १९२० साली बेट्स कॉलेजातून पदवीधर झाला, मग शिकागो विद्यापीठातून डॉक्टरेट. ‘ओमेगा साय फाय’चे सभासद. हॉवर्डच्या धर्मशास्त्र महाविद्यालयाचे डीन असताना म्हैसूरला वाय. एम. सी. ए.ची जागतिक परिषद भरली, तिच्यासाठी ते १९३६-३७च्या हिवाळ्यात हिंदुस्थानात आले आणि वर्ध्याला जाऊन गांधीजींना भेटले. सुमारे दीड तास बोलणं झालं. अहिंसा म्हणजे निष्क्रियता नव्हे, ती अंगात ताकद असलेल्याचं शस्त्र आहे, हे मेज यांनी तिथून सोबत नेलं. दुसरा विषय अस्पृश्यतेचा निघाला. तुम्ही अस्पृश्यतेवर तुटून पडता, मग जातिव्यवस्थेवर का नाही, हा त्यांचा सवाल होता. गांधीजींनी तेव्हा अस्पृश्यता आणि जात यांत फरक केला आणि मेज यांचं त्या उत्तराने समाधान झालं नाही. त्याच १९३६ साली डॉ. आंबेडकरांचं ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ छापून आलं होतं. वर्ध्यात बसलेल्या त्या परदेशी पाहुण्याने अगदी तिथेच बोट ठेवलं होतं.

त्याच प्रवासातला म्हैसूरकडचा प्रसंग मेज यांनी आत्मचरित्रात सांगितला आहे. अस्पृश्य मुलांच्या एका शाळेत ते पाहुणे म्हणून गेले. मुख्याध्यापकांनी मुलांना ओळख करून दिली ती अशी, की हेही अमेरिकेतले अस्पृश्यच आहेत आणि तरी इतके मोठे झाले आहेत. मेज आधी चमकले, त्यांना राग आला. मग लक्षात आलं की मास्तर खोटं बोलले नाहीत. बोटीत, आगगाडीत, खाणावळीत, मतदानाच्या रांगेत त्यांना आयुष्यभर हीच वागणूक मिळाली होती.

१९४० साली मेज अटलांटाच्या मोरहाऊस कॉलेजचे अध्यक्ष झाले. दर मंगळवारी सकाळी ते प्रार्थनासभेत मुलांशी बोलत. १९४४ साली पंधरा वर्षांचा एक मुलगा तिथे दाखल झाला आणि भाषण संपल्यावर त्यांच्या मागे मागे कार्यालयापर्यंत जाऊन वाद घालू लागला. तो मार्टिन ल्यूथर किंग. पुढे बोस्टनला डॉक्टरेट करताना किंग ‘अल्फा’त गेले. गुरू ‘ओमेगा’चा, शिष्य ‘अल्फा’चा. दोघांनी एकमेकांना शब्द दिला होता की जो आधी जाईल त्याच्या अंत्यविधीला दुसऱ्याने बोलायचं. ९ एप्रिल १९६८ रोजी खेचरांच्या गाडीवरून किंग यांची शवपेटी मोरहाऊसच्या आवारात आली आणि त्र्याहत्तर वर्षांचे मेज एकोणचाळीस वर्षांच्या विद्यार्थ्यासाठी बोलायला उभे राहिले. या क्रमाने तो शब्द पाळावा लागेल असं त्यांच्या मनातही नव्हतं.

या मंडळांचं सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. हॉवर्डचेच समाजशास्त्रज्ञ ई. फ्रँकलिन फ्रेझर यांनी ‘ब्लॅक बूर्ज्वाझी’ या पुस्तकात त्यांच्यावर सडकून टीका केली. नाचगाणी, मेजवान्या, पोशाख आणि आपण इतरांहून वरचे असल्याचा तोरा यांत ही मंडळी रमतात, हा त्यांचा आरोप. नव्या सभासदाला छळण्याची रीत तर त्याहून वाईट. मार, उपास, रात्र-रात्र जागरण. १९८९ साली मोरहाऊसमध्ये दीक्षेच्या नावाखाली झालेल्या अशाच प्रकारात एका विद्यार्थ्याचा जीव गेला. पुढच्या वर्षी कृष्णवर्णीय मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने उमेदवारीची ती जुनी पद्धत बंद केली. कागदावर बंद झाली, तरी चोरूनमारून छळ पुढेही होत राहिला. आधार देण्यासाठी जमलेल्या मंडळाने आपल्याच धाकट्या भावाला मारावं, याहून लाजिरवाणं काय असेल? जी मुलं मंडळात नसतात, ती एकटी पडतात, हेही खरंच. इथाकात जी वेदना होती, तीच आवाराच्या दुसऱ्या कोपऱ्यात पुन्हा उभी राहू शकते.

आता मेरीलँड. १९६३च्या वसंतात अलाबामातल्या बर्मिंगहॅमला एका चर्चमध्ये बारा वर्षांचा एक मुलगा मागच्या बाकावर बसून गणितं सोडवत होता. आईवडिलांनी बळेच आणलेला. हातात शेंगदाण्याच्या चॉकलेटच्या गोळ्या, मांडीवर वही. पुढे कुणी तरी बोलत होतं. मुलांनीही मोर्चात यावं म्हणजे त्यांना चांगल्या शाळेत शिकता येईल, असं काहीसं कानावर पडलं आणि त्याने मान वर केली. बोलणारे किंग होते. मुलगा मोर्चात गेला, पोलीसप्रमुख त्याच्या तोंडावर थुंकला आणि पाच दिवस तो कोठडीत राहिला.

तो मुलगा म्हणजे फ्रीमन ह्राबोव्स्की. हॅम्प्टनला गणितात पदवी घेतली, ‘अल्फा’चा सभासद झाला, आणि १९९२ साली मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी आवाराचा अध्यक्ष. ज्या राज्याने छप्पन्न वर्षांपूर्वी मरेसाठी कोर्टाचा हुकूम होईपर्यंत दार उघडलं नव्हतं, त्याच राज्याच्या विद्यापीठव्यवस्थेत. २०२२पर्यंत, तीस वर्षं ते त्या खुर्चीवर होते.

अध्यक्ष होण्याआधीच त्यांनी तिथे एक गोष्ट पाहिली होती. विज्ञान आणि अभियांत्रिकी घेतलेली हुशार कृष्णवर्णीय मुलं पहिल्या वर्षीच्या रसायनशास्त्रात आणि कलनशास्त्रात गटांगळ्या खात होती. शाळेत पहिली येणारी मुलं. चौकशी केल्यावर दिसलं की ही मुलं एकेकटी अभ्यास करतात. अडलं तर कुणाला विचारत नाहीत, कारण विचारलं तर आपण इथल्या लायकीचे नाही असं ठरेल ही भीती. रॉबर्ट मेयरहॉफ या दानशूर गृहस्थाने पैसा दिला आणि १९८९ साली १९ कृष्णवर्णीय मुलग्यांची पहिली तुकडी निवडली गेली. पुढच्या वर्षी मुली आल्या, नंतर सगळ्या वर्णांची मुलं. कॉलेज सुरू व्हायच्या आधीच्या उन्हाळ्यात सगळ्यांना एकत्र ठेवायचं. एकत्र उठायचं, एकत्र जेवायचं, आणि अभ्यास गटानेच करायचा. एकाला गणित सुटलं आणि दुसऱ्याला नाही, तर गटाचं काम संपलेलं नाही. ज्याला सुटलं त्याने उठायचं नाही, दुसऱ्याला समजावून सांगायचं. मॉडर्नाच्या करोना लशीमागच्या संशोधनात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या किझमेकिया कॉर्बेट याच मेयरहॉफ कार्यक्रमातून शिकून गेल्या.

मेयरहॉफच्या वर्गात संध्याकाळी डोकावलं तर पाच-सहा मुलं एका टेबलाभोवती दिसतात. वह्या उघड्या, फळ्यावर अर्धवट सोडवलेलं समीकरण, आणि वरच्या वर्गातला एक जण खालच्याला सांगत असतो की पहिल्या वर्षी मलाही हे इथेच अडलं होतं.